झडतीवाला जखऱ्या

जखऱ्या भालेराव कोणालाही भेटला की आधी त्याच्या खिशाकडे बघायचा आणि मग तोंडाकडे. यात निम्मा दोष त्याचा आणि निम्मा नोकरीचा. नाशिकरोडला नोटा छापतात, तिथल्या फाटकावर तो झडती घ्यायला होता. पाळी सुटली की कामगारांची रांग लागायची. माणूस पुढे यायचा, हात वर करायचा, आणि जखऱ्याचे तळवे त्याच्या काखांवरून, कंबरेवरून, पोटऱ्यांवरून फिरायचे. टोपी उलटी करून बघायची, डबा उघडून बघायचा, चपला काढायला लावायच्या. मग तो म्हणायचा, "काही नाही. जा." दिवसभर हेच तीन शब्द. इतक्या वर्षांत त्याला एकाच्याही अंगावर काही सापडलं नव्हतं. यावरून दुसऱ्या कोणी म्हटलं असतं की माणसं बरी आहेत. जखऱ्यानं निष्कर्ष काढला की माणसं भलतीच हुशार आहेत.

पवित्र शास्त्रातल्या जखऱ्यानं देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, म्हणून त्याची वाचा गेली. शरणपुरातल्या ख्रिस्ती मंडळीत लोक हसून म्हणायचे की आपल्या जखऱ्याकडे देवदूत आला असता, तर यानं त्याचे पंख उचलून खाली काय आहे ते बघितलं असतं. जखऱ्याच्या कानावर हे गेलं होतं. त्यात हसण्यासारखं काय आहे, हे मात्र त्याला कधी कळलं नाही.

फाटकावरचा हा गुण तो घरी घेऊन यायचा. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायचा. नाताळात शेजारून करंज्यांचं ताट आलं, की आपल्या ताटातल्या करंज्या परत येताहेत का, ते न्याहाळायचा. स्वतःच्या वस्तू तर अशा ठिकाणी लपवायचा की चोर राहिला बाजूला, त्या त्यालाच सापडायच्या नाहीत. त्याची बायको सलोमीबाई यावर काही बोलत नसे. ती सायखेड्याची. तिचे वडील चिमाजी तिथल्या छोट्या मंडळीचे उपदेशक होते, आणि त्यांच्या घरात दार लावायची पद्धतच नव्हती. तिथून ती या कुलपांच्या घरात आली आणि इथलीच झाली. मूलबाळ झालं नाही. दोघांच्या संसारात आवाज असा फारसा नव्हताच.

रविवारी चर्चमध्येही जखऱ्याला फाटकासारखंच एक काम मिळालं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. लोक बाकांवरून उठून वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचे, आणि पाळकसाहेब भाकर आणि प्याला द्यायचे. गर्दी होऊ नये म्हणून मधल्या वाटेच्या तोंडाशी उभं राहून एकेक बाक सोडायचा, हे जखऱ्याकडे. सगळे झाले की शेवटी तो स्वतः जायचा. या भोजनाला एक अट आहे, आणि ती मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कोणाविषयी मनात अढी असेल, तर आधी जाऊन समेट करायचा आणि मगच भाकरीला हात लावायचा. समेट झाला नसेल, तर बाक उठला तरी आपण बसून राहायचं. त्यामुळे कोण उठलं याकडे कोणी बघत नसे. कोण बसून राहिलं, हे मात्र सगळी मंडळी बघायची, आणि जखऱ्या तर बघण्यासाठीच उभा असायचा. अमकी बसली म्हणजे जावेशी बिनसलं, तमका बसला म्हणजे भाऊबंदकी पेटली. सगळं तो मनात टिपून ठेवायचा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत त्यानं बायकांकडचा तिसरा बाक सोडला. सगळ्या उठल्या. सलोमीबाई बसून राहिली.

गुडघा दुखत असेल, असं त्यानं त्या दिवशी स्वतःला समजावलं. फेब्रुवारीतही ती बसूनच राहिली, आणि त्याच दिवशी दुपारी ती गुडघे मुडपून अंगणात वाळवण घालताना त्याला दिसली. मग गुडघ्याचं कारण त्यानं निकालात काढलं. मार्चमध्ये ती बसली, तेव्हा पाळकसाहेबांनीसुद्धा कठड्याआडून एकदा तिच्याकडे आणि एकदा जखऱ्याकडे बघितलं. ज्याची बायको भोजनाला उठत नाही, त्यानं दुसऱ्यांचे बाक सोडत उभं राहायचं म्हणजे अजबच. पण त्याला खरी भीती त्या जागेची नव्हती. इतकी वर्षं जिच्या हातचं जेवलो, त्या बाईच्या मनात असं काहीतरी आहे की ती देवापुढेही उठत नाही, आणि ते आपल्याला माहीत नाही, या विचारानं त्याची झोप उडाली. ती आपल्याला सोडून तर जाणार नाही ना, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं.

सरळ विचारलं असतं तर बाईनं सांगितलं असतं. पण विचारणं जखऱ्याला येतच नव्हतं. त्याला फक्त झडती यायची.

पहिला संशय आला शेजारच्या विमलाबाईवर. ती बौद्ध होती, कॉलनीतल्या विहारात जायची, आणि नळावर सलोमीबाईचं आणि तिचं गूळपीठ होतं. हिनंच आपल्या बायकोला पाठ पढवला असणार, असं त्यानं ठरवून टाकलं. एक दिवस नळावर गाठून आडून आडून विचारायला गेला, तर विमलाबाईनं हंडा कमरेवर घेत सांगितलं की तुमची बायको मलाच शास्त्रातल्या गोष्टी सांगत असते, आणि त्या ऐकून मी कंटाळले तरी सोडत नाही. जखऱ्याचा त्यावरही विश्वास बसला नाही, पण हा धागा पुढे जाईना.

मग तिची चंची, उशीची खोळ, ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घड्या, सगळं त्याचं चाचपून झालं. ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत त्याचा जुना काळा कोट होता. तो तेवढा त्यानं चाचपला नाही, कारण तो त्याचा स्वतःचा होता. चंचीत मात्र एसटीची चुरगळलेली तिकिटं निघाली. नाशिक ते सायखेडा. दर महिन्याला एका मंगळवारी ती बायकांच्या प्रार्थनेला म्हणून दुपारभर घराबाहेर असायची. ती कुठे जात होती, ते आता कळलं. आणि सायखेड्यात तिचं एकच माणूस उरलं होतं, तिचा धाकटा भाऊ केरू. त्याचं नाव डोक्यात आलं तशी जखऱ्यानं तिकिटं पुन्हा एकदा मोजली.

केरूची गोष्ट अशी. सहा-सात वर्षांपूर्वी तो काम शोधायला म्हणून बहिणीकडे येऊन राहिला होता. त्याच सुमारास जखऱ्याचं मनगटी घड्याळ गेलं. चिमाजींनी लग्नात जावयाला घातलेलं, उपदेशकाच्या ऐपतीला न शोभणारं चांगलं घड्याळ. पुतणीच्या लग्नाला घर पाहुण्यांनी भरलं होतं, त्यानंतर जखऱ्या विषमज्वरानं अंथरुणाला खिळला, आणि उठून बघतो तर घड्याळ नाही. पाहुणे तर कधीच गेले होते. घरात केरू होता. जखऱ्यानं त्याला दाराच्या उंबऱ्यावर उभा केला, नळावर सगळ्या बायका होत्या, आणि हात वर करायला लावून फाटकावर घेतात तशी त्याची झडती घेतली. टोपी, काखा, धोतराचे सोगे, चपला. काही निघालं नाही. पण फाटकावर म्हणतो तसं "काही नाही, जा" हेसुद्धा तो म्हणाला नाही. "कुठं ठेवलंस?" एवढंच म्हणाला. केरूनं टोपी झटकून डोक्यावर घातली, बहिणीकडे एकदा बघितलं आणि तसाच स्टँडवर चालत गेला. तो परत कधी आला नाही. आणि सलोमीबाई आता त्या चोराला चोरून भेटत होती.

प्रार्थनेच्या पुढच्या मंगळवारी जखऱ्यानं कामावर रजा टाकली. बायको निघाली तसा मागून निघाला आणि तिच्यानंतरच्या गाडीनं सायखेड्याला गेला. चांदोरी सोडून गाडी गोदावरीच्या पुलावर चढली, तेव्हा पाण्यात म्हशी बसलेल्या दिसत होत्या. आपण बायकोला रंगेहाथ पकडायला निघालो आहोत, याचं त्याला समाधान होतं आणि लाजही वाटत होती.

केरूच्या घराचं दार सताड उघडं होतं. सलोमीबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती आणि केरू गाईचं दावं सोडवत अंगणात उभा होता. जखऱ्याला दारात बघून दोघंही जागच्या जागी थांबले. जखऱ्याची नजर मात्र आपोआप गेली ती केरूच्या मनगटावर. मनगट उघडं होतं.

ती नजर सलोमीबाईनं पकडली. पिठाचे हात तिनं पदराला पुसले.

"अजून मनगटच बघताय," ती म्हणाली. "घड्याळ तुमच्या काळ्या कोटात आहे. अस्तरात. लग्नाला पाहुणे येणार म्हणून तुम्हीच शिवून ठेवलं असेल. नाताळात गरिबांसाठी जुने कपडे काढत होते, तेव्हा हाताला लागलं."

नाताळात सापडलं तर मग तेव्हाच का सांगितलं नाहीस, असं जखऱ्यानं विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"घड्याळ सापडल्यावर माफी कुणीही मागेल. मला वाटलं, तुम्ही न सापडताच कधीतरी मागाल. म्हणून तिथंच राहू दिलं." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "माझा तुमच्यावर राग आहे. इतके दिवस निदान शंकेला जागा होती, ती पण गेली. एवढा राग घेऊन मी त्या भाकरीला हात कसा लावू? इथं येऊन याची माफी मागते, हा दर वेळी माफ करतो. पण ती मी मागायची नाही ना."

केरू गाईच्या पाठीवर हात फिरवत खाली बघत होता. जखऱ्या उलट्या पावली निघाला.

गाडीत त्याच्या मनात पहिला विचार काय आला असेल? हाच की, बायकोनं भावाला वाचवायला घड्याळ आताच आणून कोटात ठेवलं असेल. स्वभाव असा एका गाडीच्या प्रवासात सुटत नसतो. घरी येऊन त्यानं ट्रंक उपसली, कोट काढला आणि अस्तर दाबून बघितलं. डाव्या बाजूला, आतल्या खिशाच्या बुडाशी, काहीतरी कडक होतं. त्यानं अस्तर उलटं केलं आणि शिवण बघितली. जाड काळा दोरा, गणवेशाची बटणं लावायचा तोच, आणि टाके वेडेवाकडे, एकावर एक, कोणाला उसवता येऊ नये असे. जगात असे टाके दुसरं कोणी घालत नव्हतं. जखऱ्यानं विळीवर दोरा तोडला, घड्याळ बाहेर ओढलं, त्याबरोबर खिशाचं बूडही टरकन फाटलं. तापाच्या आधीचं सगळं त्याला आठवलं. दुपारी दार लावून तो एकटाच शिवत बसला होता, आणि कोणी बघत तर नाही ना म्हणून मधून मधून खिडकीकडे बघत होता. तो तिथंच जमिनीवर बसला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सायखेड्याला गेला. चैत्राचं ऊन तापलेलं, आणि याच्या अंगात तो काळा कोट, आतल्या खिशात घड्याळ. तापात अंग उतरल्यापासून कोट त्याला ढगळ व्हायचा. बरोबर सलोमीबाई होती. केरू दारातच होता. समोरच्या ओट्यावर चार माणसं बसली होती, शेजारच्या बायका दारात आल्या. जखऱ्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

"घे माझी झडती," तो म्हणाला.

केरूनं नको म्हटलं नाही. हे सांगायलाच हवं, कारण पुढे मंडळीत ही गोष्ट सांगताना लोक केरूला लगेच गळ्यात पडायला लावायचे. तो जवळ आला आणि त्यानं रीतसर झडती घेतली. टोपी काढून उलटी केली. काखा चाचपल्या. कंबर, पोटऱ्या. चपला काढायला लावल्या. सगळा ओटा बघत होता. परक्या हातांखाली आपलं अंग कसं आखडतं, आपण काहीच केलेलं नसलं तरी चोर असल्यासारखं कसं वाटतं, ते इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर हात फिरवणाऱ्या जखऱ्याला पहिल्यांदाच कळलं. केरूला कोटात घड्याळ लागलं. ते काढून त्यानं तळव्यावर धरलं. बापाची वस्तू होती, तो बराच वेळ बघत राहिला.

ते तुझंच, तूच ठेव, असं जखऱ्या हात वर ठेवूनच म्हणाला.

"मला काय करायचंय? गाय हंबरली की मला टाइम कळतो." केरूनं हात कोटाच्या आत घालून घड्याळ होतं तिथं ठेवलं. "बापानं तुमाला दिलंय. काही नाय तुमच्याकडं. या आत, दाजी."

त्या दिवशी ते तिघं एका ताटात जेवले.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण परतीच्या गाडीत, पूल ओलांडता ओलांडता, जखऱ्याचा हात सवयीनं कोटाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यानं बोटं अजून खाली घातली. काही लागलं नाही. आणि त्याच्या डोळ्यांपुढे केरूचा हात आला. आत जाताना त्यानं तो बघितला होता. बाहेर येताना मूठ मिटलेली होती की उघडी, हे काही केल्या आठवेना.

"काय शोधताय?" सलोमीबाईनं विचारलं. त्याचं चाचपणं ती ओळखून होती.

जखऱ्यानं हात बाहेर काढून गुडघ्यावर ठेवला. "काही नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर कोट उलटासुलटा करून बघायचा, अस्तर दाबायचं, एवढंच करायचं होतं. ट्रंकेपाशी तो तसा बसलाही. पण बायकोचं ते वाक्य मनातून जाईना. न सापडताच. घड्याळ निघालं तर केरूवर विश्वास ठेवायला काय लागतं, तो तर फाटकावरचा विश्वास. आणि नाही निघालं, तर? त्यानं कोटाची घडी घातली, चाचपू नये म्हणून दोन बोटांत धरून ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यानं बायकांकडचा तिसरा बाक सोडला आणि सलोमीबाई उठली. त्याच्या अंगावरून जाताना तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, पण तिचा पदर त्याच्या हाताला लागला. सगळे झाले. आता तो एकटा उरला. पाळकसाहेब भाकर घेऊन थांबले होते. जखऱ्याला पाऊल उचलेना. मनात केरूविषयी संशय होता, जिवंत, काल होता तेवढाच. अट त्याला ठाऊक होती. प्रीती सगळ्यावर विश्वास ठेवते, असं त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं, करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय त्याला पाठ होता. पण विश्वास आपोआप येतो अशी त्याची समजूत होती, आणि त्याला तो कधी आलाच नव्हता. तो न येताच ठेवायचा असतो, हे त्याला त्या वाटेवर उभं राहून कळलं. घेतलं असेल तर घेऊ दे, असंही त्यानं म्हटलं नाही. त्यातही आरोप होता. केरूनं घेतलं नाही, असं त्यानं मनात म्हटलं, खरं वाटत नसतानाच म्हटलं, आणि तो चालायला लागला.

पुढे दर महिन्याला त्याला हेच करावं लागलं. संशय काही गेला नाही. पहिल्या रविवारी खाली ठेवायचा, की बुधवारपर्यंत परत अंगाला चिकटलेला असायचा. केरू दर नाताळाला येऊ लागला, आणि जखऱ्या त्याच्या मनगटाकडे बघायचं कटाक्षानं टाळायचा. सलोमीबाईला हे त्यानं कधी सांगितलं नाही. फाटकावर मात्र त्याचे हात हलके झाले, असं जुने कामगार सांगतात. चपला काढायला लावणं त्यानं बंद केलं होतं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात जखऱ्या गेला. झोपेतच गेला, कोणाला त्रास दिला नाही. सकाळी मंडळी जमली. त्याला कोणते कपडे घालायचे, असं बायकांनी विचारलं, तेव्हा सलोमीबाईनं ट्रंकेतून तो काळा कोट काढून दिला. सायखेड्याहून केरू आला होता. त्यानंच दाजींना कोट घातला, बाह्या सारख्या केल्या, बटणं लावली. शवपेटीचं झाकण लावायच्या आधी मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले की खिसे एकदा बघून घ्या, काही राहायला नको.

केरूनं काखांवरून हात फिरवले. कोटाच्या पुढच्या बाजू चाचपल्या. खाली, डाव्या अंगाला, फाटक्या खिशातून घसरून अस्तरात पडलेली एक गोल, कडक वस्तू त्याच्या तळव्याखाली आली. त्याचा हात तिथं थांबला. आपण ठेवलेलं घड्याळ त्यानं ओळखलं. आणि दाजी आपल्या मनगटाकडे का बघत नव्हते, इतकी वर्षं नाताळात करंज्यांचं ताट पुढे करतानासुद्धा नजर का चुकवत होते, तेही त्याला त्याच क्षणी उमगलं. सलोमीबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

केरूनं कोटावरची सुरकुती तळव्यानं सारखी केली.

"काही नाय," तो म्हणाला. "जा, दाजी."